बाबांच्या ऑपरेशनची सही कोणी करायची?

पत्र : माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांच्या पायाला मधुमेहामुळे गँगरीन झाले आहे. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. बाबा ठाम नकार देतात. त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, त्यामुळे "त्यांना काय कळतंय, आपणच सही करू," असे दादाचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, बाबा विसरतात एवढ्यावरून त्यांना निर्णय घेता येत नाही, असे ठरत नाही. काल काय जेवलो हे न आठवणारा माणूसही, पाय काढल्यास काय होईल आणि न काढल्यास जंतुसंसर्ग पसरून जीव कसा जाऊ शकतो, हे समजून स्वतःचे मत देऊ शकतो. तपासायचे आहे ते या एकाच निर्णयापुरते: माहिती त्यांना समजते का, ठरवेपर्यंत लक्षात राहते का, दोन्ही परिणाम ते स्वतःच्या बाबतीत तोलू शकतात का आणि आपले म्हणणे सांगू शकतात का. निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, म्हणून तो घेणारा अक्षम ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले आहे.

दादांना समीरा कोहली खटल्याबद्दल जरूर सांगा. भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय केवळ तिच्या आईच्या संमतीने काढले गेले, तेव्हा ती संमती वैध नसल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. आईची माया तिथे कमी होती, असे कोणीही म्हटलेले नाही.

मात्र उशीर करू नका. संसर्ग वाढला किंवा साखर फार खाली-वर झाली, तर शुद्धीवर असलेला माणूसही गोंधळतो, आणि तेव्हाचा होकार किंवा नकार दोन्ही भरवशाचे नसतात. डॉक्टरांना बाबांशी थेट, सोप्या मराठीत, ते ताजेतवाने असताना बोलायला सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र लागत असेल तर लावलेले असू द्या. त्यांनी काय ऐकले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा आणि काही तासांनी पुन्हा विचारा. शंका उरलीच, तर मनोविकारतज्ज्ञांचे मत लेखी घ्या. त्यांना समजत नाही असे निघाले, तरच कुटुंबाने ठरवावे, आणि तेव्हाही बाबांनी काय निवडले असते याचाच विचार व्हावा.

नकाराचे कारण त्यांना कोणी विचारले आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आपण मुलांवर भार होऊ, ही भीती असेल, तर कृत्रिम पाय आणि घरातल्या मदतीबद्दल बोलता येईल. सगळे समजूनही ते नाहीच म्हणाले, तर वेदनाशमन आणि जखमेची देखभाल कशी करायची, हे त्याच डॉक्टरांकडून त्याच दिवशी ठरवून घ्या.