पेजेपासून पानापर्यंत

अगं, बाळाला सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरचं दूधच. वरचं पाणीसुद्धा नको, अगदी मे महिन्याच्या उकाड्यातही. सासूबाई मध चाटवायला आल्या तर गोड बोलून थांबव; वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही.

सहाव्या महिन्यानंतर पोटातून आणलेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून नुसत्या भाताच्या पेजेवर भागत नाही. आपल्याकडे सगळ्यांचा जीव नाचणी सत्त्वावर. चांगलंच आहे ते, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण लोह अंगी लागायला मोड आणून दळलेली नाचणी बरी, आणि सोबत डाळ, अंडं, काटे नीट काढलेला मऊ मासा हवा. मी मुडदुशी वाफवून भातात कुस्करायचे. मीठ, साखर वर्षभर लांबच. आठ महिन्यांपर्यंत दिवसाला दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा भरवायचं.

वर्षाचा झाला की भूक मंदावेल. घाबरू नकोस. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं, मग खाणार कशाला तेवढं? माझ्या थोरल्याच्या वेळी मी ताट घेऊन अंगणभर धावले, वर दूध पाजत राहिले. त्यानेच त्याची भूक मेली. वर्षानंतर गाईचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेव.

आता घरचंच पान वाढ, तिखट बाजूला काढून. अख्खे काजू मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. कूट करून घाल.