पाचटावर ट्रायकोडर्मा सोडून इथेनॉल बनेल का?

तुमचा प्रश्न असा, की शेतात वापरतो तीच ट्रायकोडर्मा बुरशी उसाच्या पाचटावर सोडली आणि साखर सुटल्यावर यीस्ट घातलं, तर गावपातळीवर इथेनॉल बनेल का. नाही बनणार. पण का बनत नाही, यातच तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला उत्तम विषय आहे.

जिवंत बुरशी सेल्युलोज (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा तंतू) फोडते ती स्वतःच्या पोटासाठी. सुटलेलं ग्लुकोज तीच खाऊन टाकते, म्हणून पाचट कुजून खत होतं, गोड पाणी हाती लागत नाही. कारखान्यासाठी बुरशी वेगळ्या टाकीत वाढवतात आणि तिने बाहेर सोडलेले एन्झाइम (सेल्युलोज फोडणारी प्रथिनं) तेवढे वापरतात. शिवाय तिची जातही वेगळी. कृषी केंद्रात मिळतो तो विरिडी किंवा हार्जियानम, मर आणि मूळकूज रोखायला. उद्योगात चालतो ट्रायकोडर्मा रीसाई. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान कुजत होतं, तिथे ही बुरशी सापडली. पुढे अमेरिकेतल्या नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर काम केलं. नाव रीस यांच्यावरूनच पडलं. तिच्यात बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम कमी पडतं. मग ते ज्याचं ग्लुकोज करतं ते सेलोबायोज (दोन ग्लुकोजची जोडी) साठतं आणि बाकीच्या एन्झाइमचं काम मंदावतं. म्हणून अ‍ॅस्परजिलस नायजरचं एन्झाइम जोडीला देतात.

पण माझ्या मते खरी अडचण एन्झाइमच्या आधीच येते. सेल्युलोजभोवती हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांच्या साखळ्या) आणि लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा पदार्थ) यांचं इतकं घट्ट आवरण असतं, की कच्च्या पाचटात एन्झाइमला शिरायला जागाच मिळत नाही. आधी आम्ल, अल्कली किंवा दाबाखालची वाफ वापरून ते मोकळं करावं लागतं. खर्च तिथे होतो, आणि पाचट गोळा करून आणण्यात. शिवाय हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज नावाची साखर साधं यीस्ट आंबवत नाही, तो वाटा वाया जातो.

इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. आखणी वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉलची, म्हणजे सगळं जमलं तरी टनामागे १५० लिटर. एवढ्यासाठी गावात टाक्या, वाफ आणि आम्ल सांभाळणं परवडणार नाही. गावातल्या शेतकऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला: पाचट जाळू नका, खोडव्यात आच्छादन करा.

प्रकल्पासाठी मात्र हे करा. पाचट दळून दोन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसरा २ टक्के कॉस्टिक सोड्यात ऑटोक्लेव्हमध्ये (प्रयोगशाळेतला मोठा प्रेशर कुकर) १२१ अंशांवर तासभर ठेवा, मार्गदर्शकांच्या देखरेखीखालीच. पाणी चहाच्या अर्कासारखं काळपट होईल, ते सुटलेलं लिग्निन. सामू (पीएच) उदासीन होईपर्यंत धुतलंत की फिकट, मऊ तंतू उरतात. दोन्ही भागांना सायट्रेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), सामू ४.८ आणि ५० अंशांवर, विकतचं सेल्युलेज (सेल्युलोज फोडणारं एन्झाइम) सारख्या प्रमाणात द्या. ठरावीक तासांनी नमुना काढून डीएनएस चाचणी (सुटलेली साखर रंगावरून मोजणारी) करा. कच्च्या पाचटाची नळी पिवळसर राहील, प्रक्रिया केलेल्याची विटकरी होत जाईल. नुसतं एन्झाइम आणि नुसतं पाचट अशा दोन नळ्या तुलनेला ठेवायला विसरू नका, परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतात.

डिस्टिलेशनच्या वाटेला जाऊ नका, त्याला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. गरजही नाही: १ ग्रॅम ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम इथेनॉल धरून पुढचा हिशेब कागदावर मांडता येतो.