डिक डेलचा आवाज कुठे घडला?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन सर्फ गिटारवादक डिक डेलच्या 1962 आणि 1993 च्या रेकॉर्ड्स ऐकल्यावर दोन वेगळे वादक वाटतात, ते का; आणि त्याच्या लाइव्ह वादनाचं लोक इतकं कौतुक का करतात. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. त्याचा आवाज हॉलमध्ये घडला, आणि रेकॉर्डिंगला तिथवर पोचायला तीस वर्षं लागली.

1961 मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये वाजवू लागला. समोर नाचायला आलेली हजारो पोरं, त्यांतले कितीतरी दिवसभर लाटांवर असलेले. इतकी गर्दी आवाज पिऊन टाकते, आणि तेव्हाचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं) अशा हॉलसाठी नव्हतेच. डेल ते वाजवून वाजवून जाळायचा. मग गिटार आणि अ‍ॅम्प बनवणाऱ्या लिओ फेंडरने त्याच्यासाठी जास्त ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आणि 15 इंची जेबीएल स्पीकर जोडला, त्यातून शोमन अ‍ॅम्प आला. त्याच्या गिटारच्या ताराही जाड, .016 पासून .060 इंचांपर्यंत; आज बरेच वादक .009 किंवा .010 पासून सुरुवात करतात. शिवाय तो डावखुरा, आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्यांच्या क्रमाने तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरायचा, त्यामुळे सगळ्यात जाड तार जमिनीच्या बाजूला.

सर्फ संगीत म्हणजे रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली घुमणारी आस, असं सरसकट म्हटलं जातं. पण 1961 च्या ‘लेट्स गो ट्रिपिन’मध्ये रिव्हर्ब नाही, सॅक्सोफोन आहे. रिव्हर्ब त्याला आधी हवा होता तो गाताना आवाजासाठी. त्याच्या वादनाचा गाभा म्हणजे पिक (तार छेडायची पट्टी) धरलेला हात, एकाच तारेवर न थांबता वर-खाली चालणारा. तो हात तालवाद्यातून आला. ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्या लेबनीज काकांनी त्याला लहानपणी दरबुका, म्हणजे हाताने वाजवायचं तालवाद्य, शिकवला होता. ‘मिसिर्लू’ ही पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी धून त्याने त्या वेगात आणली. तिचे मुख्य स्वर बघा: रिषभ आणि धैवत कोमल, बाकी शुद्ध. भैरवाचेच स्वर. चलन अर्थातच वेगळं, पण आपल्या कानाला ती पहिल्याच फटक्यात पकडते त्याचं एक कारण हे असावं.

1964 मध्ये ब्रिटिश बँड आले, पुढे डेलला कॅन्सर झाला, आणि तो बराच काळ बाजूला पडला. 1987 मध्ये गिटारवादक स्टीव्ही रे वॉनबरोबर वाजवलेल्या ‘पाइपलाइन’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. खरा पुनर्जन्म 1993 च्या ‘ट्रायबल थंडर’ या अल्बमने झाला. पुढच्याच वर्षी ‘पल्प फिक्शन’ चित्रपटाच्या सुरुवातीला ‘मिसिर्लू’ वाजली आणि नव्या पिढीला त्याचं नाव कळलं.

या काळात सॅक्सोफोन, पियानो गेले. स्टेजवर फक्त तो, बास आणि ड्रम्स. त्यामुळे सगळी जागा गिटारला मिळाली. गाण्यांची ठरलेली यादी नसायची, समोरची माणसं बघून पुढचं गाणं. मध्येच ट्रम्पेट, मध्येच ड्रमच्या काठ्या घेऊन बासच्या तारांवर ठेका. शेवटच्या वर्षांत उपचारांच्या खर्चासाठी दौरे करावे लागतात, हे त्याने उघड सांगितलं होतं. तरी हात सैल पडला नाही. मार्च 2019 मध्ये तो गेला.

म्हणून आधी ‘ट्रायबल थंडर’ ऐका, नंतर 1962 चा ‘सर्फर्स चॉइस’ हा अल्बम. याचा काही भाग रॉन्देव्हूमध्येच ध्वनिमुद्रित झालाय. दोन्हीकडे जाड, खर्जाच्या तारांवर कान ठेवा. 1993 मध्ये जो दणका थेट छातीत बसतो, त्याची खूण तिथेही सापडेल.