हेलिकॉप्टर कुठे तोडायचा?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे टिपण वाचले. ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य, म्हणून आकाशात उडते ते हेलिकॉप्टर, आणि ‘कॉप्टर’पुढे प्रश्नचिन्ह! शंका तिथेच यायला हवी होती. फोड केल्यावर एक तुकडा अर्थाविना उरला, तर सुरी बहुधा चुकीच्या जागी पडलेली असते.

आधी शब्द कोणी, कधी, कुठल्या भाषेत घडवला ते काढ. हा फ्रेंच. १८६१ साली गुस्ताव्ह द पोंतों दामेकूर यांनी ‘एलिकोप्तेर’ असा घडवला, तिथून तो इंग्रजीत आला. माल ग्रीक: ‘हेलिक्स’ म्हणजे पीळ, वेटोळे, ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख.

आता अंग, म्हणजे ज्याला प्रत्यय लागतात ते शब्दाचे रूप, शोधायचे. ग्रीक नामाच्या प्रथमेवर विसंबू नकोस, षष्ठी बघ. हेलिक्सची षष्ठी ‘हेलिकोस’, म्हणजे अंग ‘हेलिक्’. प्रथमेतला स् प्रत्ययाचा. हेलिक्, जोडस्वर ओ, मग प्तेर. काही उरत नाही.

मग लोक ‘हेलि’वर का तोडतात? शब्दारंभीचा ‘प्त’ इंग्रजांना झेपत नाही. टेरोडॅक्टिल (उडणारा प्राचीन सरीसृप) या शब्दातही हाच पंख आहे, पण तिथला प् त्यांनी गिळला. हेलिकॉप्टरमध्ये तो मागच्या अक्षराला टेकून तगला आणि ‘कॉप्टर’ वेगळा ऐकू येऊ लागला. त्यातूनच हेलिपॅड, हेलिपोर्ट. त्यांना अशुद्ध म्हणू नकोस. ‘हेलि’ हा आता इंग्रजीतला चालता उपसर्ग आहे, त्याची नोंद स्वतंत्र कर. ‘बस’चेही असेच. लॅटिन ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्याचे शेपूट तोडून ‘बस’ झाली, आणि ते शेपूट तर नुसता विभक्तिप्रत्यय!

सूर्याचा घोटाळा लिपीमुळे झाला. हेलिक्समधला ए ऱ्हस्व (ग्रीक अक्षर एप्सिलॉन), हेलिओसमधला दीर्घ (ईटा). रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, आपल्या देवनागरीतही. म्हणून मूळ शब्द ग्रीक लिपीतच पाहायचा. सूर्याचे नाव खरोखर लाभले ते हेलियमला. त्याची पिवळी रेषा १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात दिसली होती.

आणखी एक. प्तेरॉन, लॅटिन ‘पेन्ना’ (पीस) आणि संस्कृत ‘पतत्र’ (पंख) एकाच प्राचीन धातूचे. आपला ‘पत्र’ही त्याच घरातला. तू मात्र टिपणात, ग्रीक शब्द संस्कृतातून आला असे दाखवणारा, संस्कृतातून ग्रीककडे बाण काढला आहेस. तो खोड आणि तिथे ‘सगोत्र’ (एकाच मुळाचे) एवढेच लिही.