औषध तेच, मग दर्जे दोन का?

प्रश्न : मुलगी 7 वर्षांची, सिकलसेल एसएस (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेला प्रकार). डॉक्टर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू करा म्हणतात. अमेरिकेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत 9 ते 42 महिन्यांच्या बाळांसाठी ‘शिफारस ठाम, पुरावा उच्च’ आहे. त्याहून मोठ्या मुलांसाठी मात्र दोन्हीकडे ‘मध्यम’. मोठ्या वयात औषध कमी लागू पडते का?
– एक पालक, भंडारा जिल्हा

उत्तर : नाही. ‘मध्यम’वरून औषधाचा गुण ठरत नाही, संशोधनातला निष्कर्ष कितपत भरवशाचा, एवढेच कळते.

बाळांचा पुरावा 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतला. 9 ते 18 महिन्यांची 193 बाळे. कोणाला औषध आणि कोणाला तसेच दिसणारे बिनऔषधी द्रव, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले आणि दोन वर्षे पाहिले. 18 अधिक 24 म्हणजे मार्गदर्शिकेतले 42 महिने. दुखण्याचे प्रसंग औषधाच्या गटात 177, दुसऱ्यात 375. पण प्लीहा आणि मूत्रपिंड वाचतात का, हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्न होता, आणि तिथे ठळक फरक दिसला नाही. म्हणून ‘पुरावा उच्च’ वाचले की आधी विचारा, कशाबद्दल उच्च?

पुराव्याचा दर्जा खाली का येतो? चिठ्ठीविना झालेल्या अभ्यासांची सुरुवातच खालच्या पायरीवरून होते. मुळात बरी असलेली मुलेच औषधावर टिकली असतील, ही शंका तिथे फिटत नाही. चिठ्ठीच्या चाचणीचा दर्जाही घसरतो : रुग्ण थोडे, निकाल एकमेकांशी न जुळणारे, किंवा रुग्ण आपल्यापेक्षा वेगळे.

तुमच्या मुलीला सर्वात जवळची चाचणी नागपूरची, 2012 ची. 5 ते 18 वर्षांची 60 मुले, किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम (अमेरिकेतल्या बाळांना 20), 18 महिने. क्रायसिस (तीव्र दुखण्याचे प्रसंग) बरेच कमी झाले. माणसे आपल्याच भागातली, ही फार मोलाची गोष्ट. पण 60 हा आकडा लहान आहे, आणि ती सगळी मुले जास्त त्रासाची होती. मुलीला वर्षातून एखादाच क्रायसिस येत असेल, तर तो निकाल तिला जसाच्या तसा लावता येणार नाही.

‘मध्यम शिफारस’ असली की घरची परिस्थितीही निर्णयात धरायची असते. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घटू शकतात. डोस बसेपर्यंत निदान दर 4 आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी), नंतर दर 2-3 महिन्यांनी. शेतीच्या हंगामात तालुक्याच्या एवढ्या फेऱ्या जमणार नसतील, तर डॉक्टरांना ते पहिल्या गोळीआधीच सांगा.