धर्मश्रद्धेमुळे खेड्यांत आरोग्याची कामे अडतात का?
श्रद्धा कोणाच्या हाती आहे, यावर ते अवलंबून असते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनात त्याच लोकांना नवसापोटी कोंबडी-बकरी कापू नका, असे कळकळीने सांगत. त्याच जिल्ह्यातील मेळघाटात मात्र पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डम्मा’ नावाची प्रथा आहे. त्या कोवळ्या पोटावरचे काळे व्रण पाहवत नाहीत. तिथे भूमकाला, म्हणजे असे उपचार करणाऱ्या गावच्या मांत्रिक-वैदूला, नुसता कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा, आशाताईंच्या सोबतीने त्यालाच आजारी मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायला लावणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण घाबरलेली आई आधी त्याच्याच दारी जाते.