पस्तीस लाख रास्त आहेत, पण फ्लॅटचं काय?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. 14 वर्षांची निम्मी-निम्मी भागीदारी, उलाढाल वर्षाला 2.4 कोटी. मणक्याच्या दुखण्यामुळे मी बाहेर पडतोय. भागीदार 35 लाख म्हणतो: 5 आत्ता, बाकीचे 36 हप्त्यांत, बिनव्याजी. निम्म्या उलाढालीचे 1.2 कोटी होतात, निदान 80 लाख कसे मागू? बँकेतल्या मॅडमनी त्या पैशांसाठी वर्षाला 5 लाख, 10 वर्षं भरायची गॅरंटीड विमा योजना सुचवली आहे. (सीसीसाठी, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, बायकोचा फ्लॅट तारण आहे, तो भागीदार नंतर सोडवून देणार आहे.) वय 53.

उत्तर: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. तिच्याकडे येतोच, आधी 80 लाखांचं निकालात काढू.

उलाढालीवर हिस्सा ठरत नाही. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांनुसार सहा मशीन आज विकली तर 38 लाख, माल आणि येणी 55. त्यातून देणी 20 आणि सीसीचे वापरलेले 45 वजा केले की उरतात 28. दोघांनी महिना 75 हजार पगार घेऊन वर्षाला 12 लाख नफा राहतो. त्याचे दोन वर्षांचे 24 लाख गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावाची किंमत, धरू. तीन वर्षांचं मी धरणार नाही, कारण तीन चतुर्थांश काम एकाच फाउंड्रीचं आहे आणि तिथला पर्चेसवाला फोन भागीदाराला करतो, हे तुम्हीच लिहिलंय. एकूण 52, तुमचे 26. बिनव्याजी हप्त्यांमुळे त्याच्या 35 ची आजची किंमत 31 च्या आसपास येते, तरी ती 26 पेक्षा जास्तच. माणूस वाईट नाही. 80 मागाल तर तो तुमचाच ताळेबंद काढून समोर ठेवेल.

आता फ्लॅट. सीसीची मर्यादा 60 लाख. वैयक्तिक जामीन तुमचा, घराचा मूळ करार बँकेच्या तिजोरीत. तुम्ही निवृत्त झालात म्हणून बँक यातलं काहीच आपोआप सोडत नाही. जामीन मागे घेत असल्याचं पत्र दिलंत तरी ते पुढच्या उचलीपुरतं. आधीचे 45 लाख अंगावर राहतातच. म्हणजे तीन वर्षं तुम्ही हप्त्यांची वाट बघणार आणि धंदा बसला तर हप्ते थांबतील त्याच महिन्यात नोटीस वहिनींच्या नावानं येईल. ‘नंतर सोडवून देतो’ हे तो मनापासून म्हणत असेलही. पण बदली तारण मिळाल्याशिवाय बँक कशाला सोडेल?

म्हणून भाव करायचा तो इथे. त्यानं आपली मालमत्ता तारण द्यावी किंवा लिमिट दुसऱ्या बँकेत न्यावं. तुमचं जामीनमुक्तीचं लेखी पत्र आणि फ्लॅटचे मूळ कागद हातात पडले की मगच रिटायरमेंट डीडवर (भागीदारी सोडण्याच्या करारावर) सही. त्यासाठी दोन-तीन लाख कमी घ्यावे लागले तरी घ्या. उरलेल्या हप्त्यांसाठी उलट तुम्हीच त्याच्याकडून काहीतरी तारण मागा.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही. दोघांच्या फर्ममधून एक गेला की फर्मच संपते, एकट्याची भागीदारी नसते. मग फर्मऐवजी त्याचा स्वतःचा पॅन, नवं जीएसटी, फाउंड्रीकडे नवा व्हेंडर कोड (पुरवठादार क्रमांक). त्याला हे नको असेल तर मुलाला किंवा बायकोला आधी भागीदार करून घेऊ दे. तुम्ही निघाल्याची जाहीर नोटीस द्या, नाहीतर फर्म ज्यांचं देणं लागते त्यांच्या लेखी तुम्ही भागीदारच राहता. जीएसटी कार्यालयालाही महिन्याच्या आत लेखी कळवा. भांडवली खात्यातल्या शिलकेपेक्षा जास्त मिळणाऱ्या रकमेवर फर्मला कर लागू शकतो. तो कोण सोसणार हे सीएला विचारून डीडमध्येच लिहून घ्या.

राहिली मॅडमची योजना. हप्ते तीन वर्षांत संपणार, प्रीमियम दहा वर्षं. चौथ्या वर्षीचे 5 लाख कुठून आणणार? 53 व्या वर्षी, पगार बंद, मणका दुखतोय, अशा माणसाला हे विकायला धाडस लागतं. तेही त्याच शाखेतून, जिथे तुमचा फ्लॅट अडकलाय! येणाऱ्या हप्त्यांतून आधी दोन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला काढा आणि बाकीचं नंतर बघू. चेक दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.